पाठ आणि पाठमोरे : नाट्यसंशोधनातला एक जुना पेच

१

पदव्युत्तर वर्गाला मराठी नाटक शिकवताना मी अनेक वर्षे एकाच साच्याचे प्रश्न काढत आलो. अमुक नाटकातील सत्तासंघर्ष स्पष्ट करा, तमुक नाटकातील व्यक्तिचित्रणाचे विशेष सांगा, संवादांतील उपरोधावर टीप लिहा. हे प्रश्न कादंबरीलाही जसेच्या तसे लागू पडतात, हे माझ्या ध्यानात आणून दिले ते एका विद्यार्थिनीने. ‘घाशीराम कोतवाल’ तिने दोनदा वाचले होते, त्यावरचे लेखही वाचले होते. तिने विचारले, ‘‘सर, त्या माणसांच्या भिंतीबद्दल सगळे एक वाक्य लिहितात आणि पुढे जातात. ती भिंत नेमके काय करते, हे कुठे वाचायला मिळेल?’’

मला उत्तर देता आले नाही. मी तो प्रयोग तरुणपणी पाहिला होता. डोळे मिटले की ती डोलणारी रांग दिसत होती. पण तिला वाचायला काय द्यावे, हे सुचेना. या नाटकाच्या वादाविषयी भरपूर लिहिले गेले आहे, नाना फडणवीसांच्या ऐतिहासिक चरित्राविषयी लिहिले गेले आहे, तेंडुलकरांच्या हिंसेच्या जाणिवेविषयी तर कपाट भरेल इतके. मात्र रंगमंचावर प्रत्यक्ष काय घडत होते आणि त्या घडण्याने अर्थ कसा तयार होत होता, याचे बारकाईने केलेले वर्णन शोधायला गेलो की हाती सुट्या आठवणी आणि विशेषणे लागतात. ‘नेत्रदीपक’, ‘थरारक’, ‘अविस्मरणीय’. विशेषणांच्या आधारे संशोधन होत नाही.

मराठीत ‘पाठ’ या शब्दाला निदान तीन अर्थ आहेत. हस्तलिखितातला पाठ, म्हणजे शब्दरूप. मुखोद्गत केलेला पाठ. आणि शरीराची पाठ. आपल्या नाट्यसमीक्षेने पहिल्या पाठाची मनोभावे सेवा केली. दुसऱ्याची आठवण ती नटांच्या आत्मचरित्रांपुरती ठेवते. तिसऱ्याकडे, म्हणजे रंगमंचावर उभ्या असलेल्या शरीराकडे, तिने जवळपास पाहिलेच नाही. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे की या न पाहण्यामुळे आपल्या अभ्यासात केवळ एक उणीव राहिली असे नाही. काही महत्त्वाच्या नाटकांचा अर्थच आपण चुकीचा लावत आलो.

२

ही सवय आपल्याला लागली कशी, हे पाहण्यासारखे आहे. कारण मराठी नाटकाची सुरुवात तिच्या नेमकी उलट झाली होती. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा आजच्या अर्थाने त्या नाटकाला संहिता नव्हती. सूत्रधार पदे म्हणत असे. त्या पदांतून कथानक पुढे सरके. पात्रे त्या अनुषंगाने आपली भाषणे उत्स्फूर्तपणे करत. राक्षसांचा आरडाओरडा, सोंगांचा प्रवेश, तलवारींचे हात हे सारे त्या खेळाचा कणा होते. भाव्यांची पदे पुढे १८८५ मध्ये ‘नाट्यकविता-संग्रह’ म्हणून छापली गेली. म्हणजे त्या खेळातला जो भाग कागदावर उतरू शकत होता, तो उरला. ज्याच्यामुळे लोक रात्रभर बसत, तो गेला. आज आपण ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, तो ज्या प्रयोगाच्या नावाने, त्याचा पाठच नाही.

मग छापखाना आला. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले आणि लेखकाने आधी लिहावे, नटाने नंतर पाठ करून म्हणावे, ही व्यवस्था हळूहळू रुजली. तिला ‘बुकिश नाटक’ म्हणत. नावातच पुस्तक होते. या व्यवस्थेने मराठी नाटकाला पुष्कळ दिले. रचनेला बांधेसूदपणा आला, विचार मांडता येऊ लागला, नटाच्या वाचाळपणाला लगाम बसला. पण तिच्याबरोबर मालकीचीही कल्पना आली. नाटक लेखकाचे झाले. पुढे विद्यापीठांत मराठी हा विषय शिकवला जाऊ लागला, तेव्हा नाटक ‘नाट्यवाङ्मय’ होऊन कविता आणि कादंबरीच्या शेजारी बसले. अप्पाजी विष्णु कुलकर्णी यांनी १९०३ मध्ये ‘मराठी रंगभूमि’ लिहिली, तेव्हा त्यांच्या नजरेसमोर नाटक मंडळ्या, नट आणि खेळ होते. पुढच्या काळात वर्गात शिकवली जाणारी समीक्षा मात्र नाटककारांच्या क्रमाने चालली. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी, वरेरकर, अत्रे, रांगणेकर, तेंडुलकर. ही यादी आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यात एकही नट, दिग्दर्शक, वादक किंवा नेपथ्यकार नाही, हे जाणवतही नाही.

गंमत अशी की भरताच्या नाट्यशास्त्राचे नाव आपण उठता-बसता घेतो. त्यात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शब्द हा त्यातला एक. उरलेल्या तिघांसाठी आपल्या समीक्षेने शेवटच्या परिच्छेदात जागा राखून ठेवली : ‘नेपथ्य साजेसे, संगीत परिणामकारक, अभिनय समजून केलेला.’

३

एकाच संहितेचे दोन प्रयोग म्हणजे दोन वेगळ्या घटना असू शकतात, याचे आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण ‘संगीत मानापमान’. खाडिलकरांचे हे नाटक किर्लोस्कर मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगमंचावर आणले. त्याच दिवशी बालगंधर्वांचे मूल गेले होते, आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही गोष्ट माहीत असलेल्या प्रेक्षकाला भामिनीचे लाडिक हसणे कसे दिसले असेल? पुढे ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाला. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एका मंचावर. धनापेक्षा शौर्य श्रेष्ठ, हा त्या नाटकाचा छापील विषय. त्या रात्री लोक पाहायला गेले ते दोन गळ्यांची झुंज, आणि त्या झुंजीला अर्थ होता टिळकांच्या स्मृतीचा, स्वराज्याच्या निधीचा. तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. त्यामुळे तो प्रयोग मागाहून आणखी वेगळा झाला. पुस्तकातले एक अक्षरही यात बदललेले नाही. पुस्तकापुरते पाहणाऱ्या अभ्यासकाला १९११ आणि १९२१ यांत फरकच सापडणार नाही.

दुसरे उदाहरण जास्त गंभीर आहे. खाडिलकरांचेच ‘कीचकवध’ १९०७ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगमंचावर आणले. कथा महाभारतातली, विराटाची राजधानी, सैरंध्री झालेली द्रौपदी, मत्त कीचक, संयम सांगणारा युधिष्ठिर आणि मुठी वळणारा भीम. कर्झनाचे नाव त्यात नाही, इंग्रजांचे नाही, हिंदुस्थानचेही नाही. पण थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला कीचक कोण, द्रौपदी कोण, मवाळ कोण आणि जहाल कोण, हे कळत होते. सरकारने १९१० मध्ये त्याचे प्रयोग बंद केले.

हे करताना सरकारच्या हाती १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा होता. तो बंगालमधल्या नाटकांच्या धसक्याने झाला होता, आणि त्याच्या नावातच ‘प्रयोग’ आहे. लिहिलेला शब्द आणि गर्दीसमोर उच्चारलेला शब्द या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्या राज्यकर्त्यांना ठाऊक होते. लंडनच्या ‘टाइम्स’शी संबंधित असलेल्या व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या १९१० च्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात ‘कीचकवध’ची दखल आहे. तिथे प्रेक्षागृहातल्या पुरुषांचे ताणलेले चेहरे आणि द्रौपदीची विनवणी ऐकणाऱ्या स्त्रियांचे डोळे यांची नोंद येते. मराठी प्रेक्षकाचे इतके नेमके वर्णन आपल्या त्या काळच्या समीक्षेत मला क्वचितच आढळले. ते शत्रूच्या वहीत सापडावे, ही आपल्यासाठी फारशी अभिमानाची गोष्ट नाही. चिरोल प्रेक्षकांकडे पाहत होते, कारण त्यांना त्यांची भीती वाटत होती. आपण नाटकाच्या पुस्तकाकडे पाहत राहिलो, कारण आपल्याला कशाचीच भीती वाटत नव्हती.

४

हा पेच फक्त आपलाच आहे असे नाही. जर्मनीत माक्स हेरमान या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या आरंभी आग्रह धरला की नाटक हे साहित्याच्या शाखेत बसत नाही. नट आणि प्रेक्षक एकत्र येऊन जो सामाजिक खेळ करतात, तो अभ्यासाचा विषय आहे. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने सोळाव्या शतकातल्या न्यूर्नबर्गच्या रंगमंचाची मांडणी, जागेची मापे, नटांच्या हालचाली तर्काने पुन्हा उभ्या करण्याचा प्रयत्न केला. १९२३ मध्ये बर्लिन विद्यापीठात नाट्यशास्त्राची संस्था उभी राहिली, त्यामागे त्याचे कष्ट होते. पुढे ज्यू म्हणून नाझींनी त्याला छळछावणीत धाडले आणि १९४२ मध्ये तो तिथेच मेला.

अमेरिकेत रिचर्ड शेक्नर यांनी ही कक्षा आणखी रुंदावली. विधी, खेळ, मिरवणूक, नाटक ही सारी ‘पुन्हा केलेली’ वर्तने आहेत आणि त्यांचा अभ्यास एकत्र करता येतो, असे त्यांचे म्हणणे. काशीजवळच्या रामनगरच्या रामलीलेचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. न्यूयॉर्क विद्यापीठात १९८० च्या सुमारास या दृष्टीचा स्वतंत्र विभाग झाला. पुढे पेगी फेलन यांनी म्हटले की प्रयोगाचे अस्तित्वच त्याच्या नाहीसे होण्यात आहे. त्याची नोंद केली की तो प्रयोग राहत नाही, दुसरेच काही होतो. डायना टेलर यांनी २००३ मध्ये या मताला महत्त्वाची दुरुस्ती सुचवली. कागदपत्रांचे दफ्तर हे ज्ञान टिकवण्याचे एक साधन. शरीराकडून शरीराकडे जाणारा साठा हे दुसरे. ज्यांच्या हाती दफ्तर नव्हते, त्यांचे ज्ञान नाहीसे झाले असे समजणे ही दफ्तरवाल्यांची समजूत आहे.

टेलर यांचा मुद्दा लॅटिन अमेरिकेच्या अनुभवातून आला असला, तरी महाराष्ट्राला तो शिकवणीची गरज न पडता कळावा. सत्यशोधकी जलसे, आंबेडकरी जलसे, तमाशाचे फड, दशावतार, खेळे यांचे पाठ शरीरांत होते. छापील नाटकांवरून लिहिलेल्या इतिहासात त्यांना फार तर ‘लोकरंगभूमी’ नावाचे प्रास्ताविक प्रकरण मिळते आणि मग ‘खरे’ नाटक सुरू होते. भीमराव कर्डकांनी आपल्या जलशांविषयी स्वतःच लिहून ठेवले, म्हणून निदान तेवढे तरी हाती आहे. कलावंतालाच आपला इतिहासकार व्हावे लागते, तेव्हा व्यवसायाने इतिहासकार असणाऱ्यांनी थोडे ओशाळायला हवे.

५

आता भिंतीकडे येतो.

‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला. संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्ये कृष्णदेव मुळगुंदांची. नाना मोहन आगाशे, घाशीराम रमेश टिळेकर. १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. तरुण मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अ‍ॅकॅडमी स्थापन केली आणि जानेवारी १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू झाले. १९८० च्या युरोप दौऱ्याच्या वेळी वाद परत पेटला.

वादाचे दोन पक्ष होते. एक म्हणे, यात नाना फडणवीसांची आणि पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी आहे. दुसरा म्हणे, हे ऐतिहासिक नाटकच नाही, हे सत्ता कशी घाशीराम निर्माण करते याचे नाटक आहे. तेंडुलकरांची भूमिकाही अशीच होती. दोन्ही पक्षांत मोठी माणसे होती, आणि दोघांची एक गोष्ट समान होती : दोघेही नाटक वाचत होते. एकाला त्यात पेशवाई दिसत होती, दुसऱ्याला सत्तेचे रूपक. त्या रात्री दिव्यांच्या प्रकाशात उभ्या असलेल्या रांगेचे काय, हे कुणी विचारले नाही.

ती रांग म्हणजे दहाबारा ब्राह्मण. गातात, डोलतात, आणि त्यांची भिंत होते, पडदा होते. मग भिंत फुटते आणि तिच्यातून माणसे निघतात : बावनखणीला निघालेला गृहस्थ, घाशीरामावर चोरीचा आळ घेणारे, त्याला हाकलून देणारे, पुढे त्याच घाशीरामाच्या कोतवालीत छळले जाणारे, आणि अखेरीस त्याचा जीव घेणारा जमाव. भूमिका झाली की माणूस रांगेत परत जातो आणि गाऊ लागतो.

पुस्तकात हे वाचताना काय होते, ते पाहा. छापील नाटकात प्रत्येक संवादाच्या डावीकडे बोलणाऱ्याचे नाव असते. त्या नावांमुळे वाचकाच्या मनात आपोआप वर्ग पडतात : हा छळणारा, हा छळला जाणारा, हा बघ्या, हा जमाव. पुस्तकातला बळी आणि पुस्तकातला मारेकरी ही दोन वेगळी नावे आहेत, म्हणून दोन वेगळी माणसे आहेत. रंगमंचावर मात्र तोच चेहरा आहे. ज्या माणसाला मघाशी आपण लाचारीने हसताना पाहिले, त्याचीच आता कोतवाल धिंड काढतो आहे. त्याची दया यावी, इतक्यात तोच दगड उचलतो. छापील पान जे वेगळे करते, ते प्रयोग एकत्र आणतो. त्यामुळे ‘हे नाटक अमक्यांवर आरोप करते’ किंवा ‘हे नाटक तमक्यांची बाजू घेते’ ही दोन्ही विधाने पुस्तकाविषयी करता येतील, प्रयोगाविषयी नाही. प्रयोगात आरोपी आणि बळी यांची वाटणीच होऊ शकत नाही. ती होऊ नये, यासाठीच ती रांग आहे.

दुसरी गोष्ट पाठीची. भिंत प्रेक्षकांकडे पाठ करते. संहितेत ही एका ओळीची सूचना आहे; वाचणारा ती ओलांडून पुढच्या संवादाकडे जातो. प्रेक्षागृहात ती ओलांडता येत नाही. समोर पाठींची रांग असते आणि तिच्यापलीकडे काहीतरी चाललेले असते. रांगेतल्यांना ते दिसते, आपल्याला दिसत नाही; ते पाहतात आणि झाकतात. इथवर नेहमी लिहिले जाते : भिंत सत्तेचे पाप झाकते. पण दिशेचा विचार करा. ती माणसे आपल्याकडे पाठ करून उभी राहिली, म्हणजे त्यांची तोंडे आणि आपली तोंडे एकाच दिशेला झाली. आपण त्यांच्या समोर राहिलो नाही. आपण त्यांच्या मागच्या रांगेत उभे आहोत. प्रेक्षागृहातली पहिली रांग ही भिंतीची दुसरी रांग झाली, तिच्यामागे तिसरी, आणि अशी भिंत थेट दारापर्यंत जाते.

पहिला प्रयोग सदाशिव पेठेतल्या थिएटरात, पुण्याच्या प्रेक्षकांसमोर झाला, हे इथे आठवावे. नट त्याच शहरातले, हौशी, शिकलेले तरुण. संताप नानांच्या चारित्र्याचा होता की त्या रांगेत आपल्याला नकळत उभे केल्याचा, हा प्रश्न मला नाट्येतिहासाच्या दृष्टीने कळीचा वाटतो. बदनामीच्या तक्रारीत शब्दांची उदाहरणे द्यावी लागतात, म्हणून शब्दांविषयी भांडण झाले. पाठीविषयी तक्रार कशी करणार?

तिसरी गोष्ट लयीची. चंदावरकरांनी कीर्तन, अभंग, लावणी, लोकनाट्यांची चाल असे सगळे ओळखीचे सूर वापरले. ज्यांच्यावर आपले कान वाढले, तेच. नृत्यसंगीताच्या थाटामुळे आशय झाकोळतो, अशी तक्रार तेव्हाही झाली आणि नंतरही. तक्रारीतले निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष पटत नाही. मला आठवते, माझे पाऊल ठेका धरून हलत होते. समोर छळ चालू होता आणि माझे पाऊल हलत होते. मरणाऱ्या घाशीरामाच्या देहालाही तालच नाचवतो, आणि मग नाना उत्सवाचा हुकूम सोडतो. झाकोळणे हीच त्या प्रयोगाची क्रिया आहे. उत्सव अन्याय कसा झाकतो, हे तो सांगत बसत नाही. तो ते प्रेक्षकाच्या पायावर सिद्ध करतो. सत्ता वरून लादली जाते, हे पुस्तक वाचून कळते. सत्तेला ठेका धरणारे पाय लागतात, हे प्रयोगात कळते.

१९७६ मध्ये याच नाटकावर युक्त फिल्म सहकारी संस्थेने चित्रपट केला. पटकथा तेंडुलकरांचीच, नाना आगाशेच, घाशीराम ओम पुरी. चित्रपट म्हणून तो विलक्षण प्रयोगशील आहे. पण कॅमेरा कुठेही जाऊ शकतो. तो भिंतीपलीकडेही जाऊ शकतो. थिएटरात खुर्चीला खिळलेल्या प्रेक्षकाची जी कोंडी होते, ती पडद्यासमोर होत नाही. विद्यार्थ्यांना ‘नाटक बघायचे तर सिनेमा बघा’ असे मी पूर्वी सांगत असे. आता सांगत नाही.

६

या मांडणीवर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही रास्त आहेत.

पहिला असा की प्रयोगाच्या नादात संहितेची किंमत कमी करू नये. मान्य. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले, त्या काळच्या रंगमंचावर त्याला जागा नव्हती, आणि ते छापले गेले १९७९ मध्ये. सव्वाशे वर्षे ते फक्त हस्तलिखित होते. प्रयोग हाच एकमेव निकष धरला, तर ज्यांना रंगमंच नाकारला गेला, त्यांना आपण दुसऱ्यांदा नाकारू. प्रयोग कुणाला मिळाला आणि कुणाला मिळाला नाही, हाही प्रयोगाभ्यासाचाच भाग मानला पाहिजे. मानवी भिंतीची कल्पनाही तेंडुलकरांच्या लिहिण्यातच आहे. ती दिग्दर्शकाने वरून चिकटवलेली नाही. म्हणून संहिता बाजूला ठेवा असे मी म्हणत नाही. संहिता ही घडलेल्या किंवा घडू पाहणाऱ्या क्रियेची खूण म्हणून वाचा, एवढेच म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. गेलेल्या प्रयोगाविषयी विधान करायचे कशाच्या आधारावर? मी आत्ता माझ्या पावलाची साक्ष काढली. तिला पुराव्याचे मोल किती? फार नाही. स्मृती लबाड असते, आणि रंगभूमीवरची स्मृती तर जास्तच. तीच आठवण सत्काराच्या भाषणांत इतक्यांदा सांगितली जाते की ती स्वतःच एक बसवलेला प्रवेश होते. चित्रफितीवर विसंबावे, तर ती एका रात्रीची, एका कोनातली. प्रेक्षागृहाकडे तिची पाठ असते.

पण संशोधनाला एकच निर्दोष पुरावा कधीच मिळत नाही. सदोष पुरावे एकमेकांवर घासून पाहावे लागतात. नाटकाच्या बाबतीत असे पुरावे आहेत, आपण त्यांना पुरावा समजत नाही इतकेच. तालमीत वापरलेली संहितेची प्रत, जिच्या समासात पेन्सिलीने बाण काढलेले असतात, वाक्ये खोडलेली असतात. प्रकाशयोजनेचा कागद. नेपथ्याचा आराखडा आणि सुताराचा हिशेब. कपड्यांच्या पेटीची यादी. दौऱ्याची वही, जिच्यात कुठल्या गावी किती वाजता पडदा उघडला हे असते. परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवलेली प्रत आणि प्रत्यक्ष म्हटले गेलेले वाक्य यांतला फरक. वृत्तपत्रांतली वाचकांची पत्रे, जिथे समीक्षकापेक्षा स्पष्ट बोलले जाते. फोटोत चुकून आलेली पहिली रांग. आणि नटांचे शरीर. वयस्कर नटाला ‘तेव्हा काय वाटले’ असे विचारले की तो भाषण करतो. ‘जरा उभे राहून दाखवा’ म्हटले की त्याचा पाय आपोआप तिथे जातो, जिथे तो पन्नास वर्षांपूर्वी जात असे. टेलर ज्याला शरीराचा साठा म्हणतात, तो हाच.

यातले बरेचसे आज माळ्यांवर आहे. संस्था बंद पडतात, जागा बदलतात, घरे पुनर्विकासाला जातात, आणि ‘या जुन्या वह्या कशाला’ असे कुणीतरी म्हणते. नाटककाराचे हस्तलिखित असेल तर निदान चारदा विचार होतो. रंगमंच व्यवस्थापकाची वही रद्दीत जाताना कुणी थांबवत नाही, कारण ती महत्त्वाची असते हे आम्ही, नाटक शिकवणाऱ्यांनी, कधी सांगितलेच नाही. प्रश्नपत्रिकेत ज्याला गुण नाहीत, ते जपायचे कोण?

त्या विद्यार्थिनीला मी शेवटी एक काम दिले. भिंतीत उभ्या राहिलेल्यांपैकी जे भेटतील त्यांना भेट, आणि नाटकाचा संदेश काय होता वगैरे विचारू नकोस. एकच विचार : प्रेक्षकांकडे पाठ केल्यावर तुम्ही कुठे पाहत होता? नानांकडे, शेजाऱ्याकडे, मागच्या विंगेकडे, की जमिनीकडे? डोलताना पाठीला प्रेक्षागृह जाणवत असे का? त्या उत्तरांतून माझा दिशेचा तर्क टिकेल किंवा कोसळेल. कोसळला तर मी हा लेख दुरुस्त करीन. पण तो तपासता येईल असा काळ आता थोडाच उरला आहे. जे तेव्हा विशीत होते, ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. पुस्तक कपाटात राहील, त्याच्या आवृत्त्याही निघतील. पाठमोरे उभे राहिलेले मात्र कायमचे पाठमोरे होण्याआधी त्यांना एकदा वळून बोलायला सांगितले पाहिजे.